राष्ट्राध्यक्षाला मार्क देताना तारखा बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने इकॉनॉमीचं काय केलं हा विषय निघाला की आपल्याकडे पेपरात एक ठरलेला तक्ता येतो. डावीकडे राष्ट्राध्यक्षांची नावं, पुढे जीडीपी किती वाढला, बेरोजगारी किती, महागाई किती, शेअर मार्केट किती वर गेलं, आणि खाली निष्कर्ष की अमुक पास आणि तमुक नापास. शंभर दिवस झाले की एकदा येतो, मिडटर्मच्या, म्हणजे टर्मच्या मधल्या संसदेच्या निवडणुकांच्या, आधी एकदा आणि निवडणुकीच्या वर्षात तर सारखाच. हा तक्ता बऱ्याचदा चुकीच्या माणसाला मार्क देतो आणि त्या नादात ज्या गोष्टीसाठी राष्ट्राध्यक्षाला खरंच धारेवर धरायला पाहिजे ती गोष्ट सुटून जाते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. जागा असेल तर छापा, नसेल तर निदान तुमच्या डेस्कवर तरी कुणीतरी वाचावं अशी विनंती.

सगळ्यात ठळक उदाहरण जिमी कार्टर यांचं. १९७९ च्या ऑगस्टमध्ये कार्टरनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हचं चेअरमन केलं. फेड म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, व्याजदर तिच्या हातात. तेव्हा महागाई दोन आकडी झालेली, इराणमधल्या क्रांतीनंतर तेल भडकलेलं, पेट्रोल पंपांवर गाड्यांच्या रांगा. व्होल्कर कडक माणूस आहे आणि तो पैसा आवळणार हे काही गुपित नव्हतं, तरी कार्टरनी त्यांनाच नेमलं. मग व्होल्करनी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेले, १९८० मध्ये मंदी आली, त्या वर्षाची सरासरी महागाई साडेतेरा टक्के, आणि निवडणुकीच्या आठवडाभर आधी डिबेटमध्ये रोनाल्ड रेगन यांनी लोकांना विचारलं की चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का. लोकांचं उत्तर काय येणार हे उघड होतं. कार्टर ४४ राज्यं हरले.

आता पुढचं बघा. रेगन आले तरी व्होल्कर तेच आणि व्याजदरही चढेच. १९८१ च्या मध्यापासून दुसरी मंदी लागली आणि १९८२ च्या शेवटी बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली, तीसच्या दशकातल्या महामंदीनंतर एवढी कधी झालीच नव्हती. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वॉशिंग्टनला फेडच्या बिल्डिंगवर चालून आले, घरं बांधणारे बिल्डर लाकडाचे तुकडे पोस्टाने व्होल्करना पाठवत होते की हे घ्या, आमचं लाकूड पडून आहे. जानेवारी १९८३ मध्ये गॅलपच्या पोलमध्ये रेगन यांच्यावर खूश असलेले लोक ३५ टक्के उरले होते. तेव्हा जर कुणी दोन वर्षांचा तक्ता छापला असता तर रेगन सपशेल नापास. पण तोपर्यंत महागाई मोडली होती, १९८३ ची सरासरी ३.२ टक्के, मग व्याजदर खाली आले, १९८४ मध्ये इकॉनॉमी ७ टक्क्यांच्या वर वाढली आणि रेगन ४९ राज्यं जिंकले. तक्ता आजही सांगतो की कार्टर फेल, रेगन पास. म्हणजे कडू औषध देणारा माणूस ज्याने नेमला तो हरला आणि गुण आल्यावर जो खुर्चीत होता तो जिंकला.

याचा अर्थ रेगन यांना काहीच श्रेय नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. त्यांचं खरं श्रेय तक्त्यात दिसतच नाही. स्वतःच्या पक्षातले लोक ओरडत असताना, लोकप्रियता घसरत असताना त्यांनी व्होल्करना मोकळं काम करू दिलं आणि १९८३ मध्ये पुन्हा नेमलं, हा निर्णय त्यांचा. टॅक्स कमी केले, वरचा दर ७० टक्क्यांवरून शेवटी २८ वर आणला, हाही त्यांचा, आणि त्या काळात सरकारी कर्ज साधारण तिप्पट झालं त्याचा हिशोबही त्यांच्याच नावावर लागतो, संसदेसोबत. आणि कार्टर यांच्या नावावर अजून एक गोष्ट आहे जी कुणी धरतच नाही, १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरची सरकारी बंधनं काढण्याचा कायदा आणि १९८० मध्ये ट्रक आणि रेल्वेचा, तिन्हींवर सही कार्टरची. विमानाची तिकिटं आणि मालवाहतूक त्यानंतर कित्येक वर्षं स्वस्त होत गेली, ती कार्टर घरी गेल्यावर. चार वर्षांच्या चौकटीत हे कसं बसणार?

दुसरं उदाहरण थोरले जॉर्ज बुश. याच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. मंदी लागली जुलै १९९० मध्ये, संपली मार्च १९९१ मध्ये, आठ महिन्यांची छोटी मंदी. पण मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे तिथे सरकार ठरवत नाही, नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च नावाची खासगी संस्था आहे तिची कमिटी सगळे आकडे नीट तपासून ठरवते आणि त्यात बराच उशीर लागतो. मार्च १९९१ मध्ये मंदी संपली हे या कमिटीने जाहीर केलं डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे बुश बिल क्लिंटन यांच्याकडून हरल्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी! पूर्ण १९९२ हे वर्ष क्लिंटनची माणसं इकॉनॉमी इकॉनॉमी करत होती आणि आकड्यांच्या भाषेत मंदी वर्षापूर्वीच संपलेली होती. अर्थात लोकांना जाणवत होतं ते खोटं नव्हतं, नोकऱ्या परत यायला वेळ लागतो, जून १९९२ मध्ये बेरोजगारी ७.८ टक्के होती आणि ज्याची नोकरी गेलीय त्याला मंदी संपली म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे. पण मंदीतून बाहेर पडणं सुरू झालं बुशच्या काळात आणि पीक कापलं क्लिंटननी हेही तितकंच खरं. बुशनी १९९० मध्ये टॅक्स न वाढवण्याचा शब्द मोडून विरोधी पक्षासोबत बजेटची तडजोड केली, त्याने त्यांचाच पक्ष त्यांच्यावर उलटला, आणि नव्वदच्या दशकात तूट कमी होत गेली तिच्यात त्या तडजोडीचाही वाटा होता असं बरेच अर्थतज्ज्ञ मानतात.

क्लिंटन यांचं श्रेयही असंच वेगळं काढावं लागतं. १९९३ चं तूट कमी करणारं बजेट त्यांनी जिवावर उदार होऊन पास करून घेतलं, संसदेच्या खालच्या सभागृहात, हाऊसमध्ये, २१८ विरुद्ध २१६ आणि वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, ५० विरुद्ध ५०, शेवटी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या मताने. पुढच्याच वर्षी त्यांच्या पक्षाने चाळीस वर्षांनी हाऊस गमावलं. हा त्यांचा निर्णय, त्याचे मार्क त्यांना. पण १९९८ ते २००१ बजेटमध्ये सलग शिल्लक पडली त्यात शेअर मार्केटच्या तेजीमुळे आलेला टॅक्सचा मोठा भाग होता, इंटरनेटची लाट होती, आणि ती लाट काही व्हाइट हाऊसमधून निघाली नव्हती. २००० च्या मार्चमध्ये तो फुगा फुटला आणि पुढची मंदी धाकट्या बुशच्या तक्त्यात जाऊन बसली, कारण ती मार्च २००१ मध्ये सुरू झाली आणि ते जानेवारीत आले होते. दोन महिन्यांत माणूस मंदी आणू शकतो का?

आता मुळात राष्ट्राध्यक्षाच्या हातात असतं काय ते बघू. व्याजदर त्याच्या हातात नाहीत, ते फेडची बारा मतांची कमिटी ठरवते, त्यात सात गव्हर्नर आणि पाच प्रादेशिक बँकांचे अध्यक्ष, गव्हर्नरची मुदत चौदा वर्षांची, मुद्दाम एवढी लांब ठेवलेली. टॅक्स आणि खर्च संसदेच्या हातात आहे, तिथल्या काँग्रेसच्या, राष्ट्राध्यक्ष बजेट सुचवतो पण पैशाची चावी त्याच्याकडे नाही. खर्चातला मोठा भाग तर पेन्शन, म्हाताऱ्यांचं आणि गरिबांचं मेडिकल, आणि कर्जावरचं व्याज यात आपोआपच जातो. आणि सरकारी आर्थिक वर्ष सुरू होतं १ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो २० जानेवारीला, म्हणजे पहिले आठ-नऊ महिने तो आधीच्या माणसाच्या बजेटवरच चालतो.

हे शेवटचं नुसतं तांत्रिक वाटेल पण याच्यावरून केवढा गोंधळ होतो बघा. २००९ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेची तूट १.४ ट्रिलियन डॉलर झाली आणि ती सर्रास बराक ओबामा यांच्या नावावर टाकली जाते. पण संसदेच्या बजेट ऑफिसने ७ जानेवारी २००९ लाच, ओबामांनी शपथ घ्यायच्या आधी, यंदा तूट १.२ ट्रिलियन होईल असं सांगून ठेवलं होतं. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली, ७०० अब्ज डॉलरच्या बँक बचाव कायद्यावर सही धाकट्या बुशची, जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला पहिली मदतही बुशनीच डिसेंबर २००८ मध्ये दिली. ओबामांचा स्वतःचा निर्णय म्हणजे फेब्रुवारी २००९ चं सुमारे ७८७ अब्जांचं पॅकेज आणि मोटार कंपन्यांची पुनर्रचना, त्यावर त्यांना तपासा, अगदी कडक तपासा. ते पॅकेज पुरेसं होतं का हा प्रश्न आजही विचारला जातो. तेव्हा उपलब्ध असलेला पहिला सरकारी अंदाज सांगत होता की २००८ च्या शेवटच्या तिमाहीत जीडीपी वार्षिक ३.८ टक्के वेगाने घसरला, नंतर आकडे सुधारत सुधारत कळलं की घसरण ८ टक्क्यांच्याही वर होती! म्हणजे निर्णय घेताना ज्या आकड्यावर विसंबून घेतला तो आकडाच निम्म्याहून कमी होता. बेरोजगारी ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेली आणि ओबामा जाताना ४.७ वर आली. तक्ता यातला कुठला आकडा घेतो त्यावर पास नापास ठरतं, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीचा घेतात.

पेट्रोलचं तर बोलायलाच नको. जून २०२२ मध्ये तिथे पेट्रोल गॅलनला ५ डॉलरच्या वर गेलं आणि पंपावर जो बायडेन यांचा फोटो आणि हे मी केलं असे स्टिकर लोक चिकटवत होते. क्रूड जगाच्या मार्केटमध्ये ठरतं, तेव्हा रशियाने युक्रेनवर हल्ला केलेला होता. बायडेननी राखीव साठ्यातून १८ कोटी बॅरल काढायचं ठरवलं, तेवढं त्यांच्या हातात होतं. आणि गंमत नाही, खरी माहिती सांगतो, २०२३ मध्ये बायडेन यांच्याच काळात अमेरिकेने क्रूडचं त्या वेळेपर्यंतचं विक्रमी उत्पादन केलं, दिवसाला सरासरी १.२९ कोटी बॅरल, आणि त्याचं श्रेयही त्यांचं नाही, शेल तेलाचं, म्हणजे खडकातून तेल काढायचं, तंत्र त्याच्या कितीतरी आधीपासून पसरत होतं. एप्रिल २०२० मध्ये क्रूडचा वायदा शून्याच्या खाली गेला तेव्हा डोनाल्ड ट्रम्प होते, मग ते सगळ्यात भारी राष्ट्राध्यक्ष का? लॉकडाऊनमुळे तेलाला कुणी विचारत नव्हतं म्हणून भाव पडला.

२०२१-२२ च्या महागाईवर जरा थांबतो कारण इथे सगळ्यांत जास्त भांडण होतं आणि इथे खरंच विचार करून वाटणी करावी लागते. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्के झाली, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त. एक बाजू म्हणते बायडेननी पैसा वाटला म्हणून, दुसरी म्हणते कोविड आणि युद्ध. आता त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरो वापरणाऱ्या देशांत महागाई १०.६ आणि ब्रिटनमध्ये ११.१ टक्के होती, तिथे काही बायडेन नव्हते. म्हणजे मोठा भाग जगभरचा होता हे नक्की. पण सगळा नाही. मार्च २०२१ चं १.९ ट्रिलियन डॉलरचं पॅकेज बायडेन यांचं होतं, ते येण्याआधीच लॅरी समर्स यांच्यासारख्या त्यांच्याच पक्षाच्या अर्थतज्ज्ञाने हे फार मोठं होतंय, महागाई भडकेल असा इशारा दिला होता, आणि नंतर सॅन फ्रान्सिस्को फेडच्या संशोधकांनी अंदाज काढला की २०२१ च्या शेवटापर्यंत अमेरिकेच्या महागाईत सुमारे ३ टक्के पॉइंट हे कोविडकाळातल्या सरकारी मदतीचे असू शकतात. आणि त्या मदतीत मार्च २०२० मधल्या ट्रम्प यांच्या सहीचं २.२ ट्रिलियनचं पॅकेजही येतं, ते विसरायचं नाही. फेडही उशिरा जागी झाली, मार्च २०२२ पर्यंत व्याजदर शून्याजवळच ठेवले होते, मग धडाधड वाढवत जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले. म्हणजे एका महागाईत चार हिस्सेदार, जग, दोन राष्ट्राध्यक्ष आणि फेड. पण तक्त्यात एकच नाव.

आणि लोकांचा राग का गेला नाही तेही समजून घेतलं पाहिजे. महागाईचा दर ९ वरून ३ वर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही, महाग होण्याचा वेग कमी झाला. बायडेन यांच्या चार वर्षांत किमती एकूण २० टक्क्यांच्या वर चढल्या आणि त्या तिथेच राहिल्या. अर्थतज्ज्ञ दर बघत होते, लोक बिल बघत होते, आणि लोकांना अडाणी म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षातच घेतला नाही. बेरोजगारी २०२३ मध्ये ३.४ टक्क्यांपर्यंत खाली होती तरी २०२४ मध्ये त्यांचा पक्ष हरला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सत्ताधारी हरले, जपानमध्ये सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं. तिथल्या तक्त्यांत कुणाची नावं होती?

ट्रम्प यांच्या पहिल्या टर्मबद्दल थोडक्यात. कोविडच्या आधी बेरोजगारी ३.५ टक्के होती, चांगलीच होती, पण ती २०१० पासून सतत उतरत आलेली रेषा होती. कॉर्पोरेट टॅक्स ३५ वरून २१ टक्के केला हा त्यांचा निर्णय, त्याने गुंतवणूक किती वाढली आणि तूट किती वाढली हे त्यांच्या खात्यात धरा. एप्रिल २०२० ची १४.८ टक्के बेरोजगारी मात्र त्यांच्या खात्यात टाकणं अन्याय आहे. महामंदीच्या वेळचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांच्यानंतर नोकऱ्यांची एकूण संख्या घटवून जाणारे पहिले राष्ट्राध्यक्ष असं वाक्य सगळीकडे छापून आलं, आकडा बरोबर आहे, पण नुसता तेवढाच आकडा छापणं बरोबर नाही. साथ कशी हाताळली तो वेगळा प्रश्न, तो जरूर विचारा.

मग राष्ट्राध्यक्षाचा हात कुठे थेट दिसतो? जिथे तो एकटा सही करतो तिथे. टॅरिफ, म्हणजे आयात कर, हा त्यातला सगळ्यात मोठा भाग. १९३० मध्ये हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी हर्बर्ट हूव्हर यांना लेखी विनंती केली होती की हा आयात कर वाढवणारा कायदा नाकारा, तरी त्यांनी सही केली, इतर देशांनी उलट कर लावले आणि आधीच आटत चाललेला व्यापार अजून आटला. महामंदी हूव्हरनी आणली असं म्हणणं चूक आहे, बँका बुडू देण्यात फेडचा वाटा फार मोठा होता, पण ही सही त्यांची होती. त्यानंतर संसदेने हळूहळू टॅरिफचे बरेच अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे दिले, १९६२, १९७४ असे कायदे आहेत, म्हणून आता हा विषय जास्तच त्याच्या एकट्याचा झालाय. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी जवळजवळ सगळ्या देशांवर टॅरिफ जाहीर केले, पुढच्या दोन दिवसांत एस अँड पी ५०० हा शेअर मार्केटचा निर्देशांक १० टक्क्यांहून जास्त पडला, ९ एप्रिलला बऱ्याच देशांसाठी ९० दिवस थांबवतो म्हणाले तर एका दिवसात साडेनऊ टक्के चढला. ऑगस्टच्या शेवटी बऱ्याच भारतीय मालावर एकूण ५० टक्के लावले. इथे कुणी मागच्या राष्ट्राध्यक्षाकडे बोट दाखवू शकत नाही, इथे तारीख आणि सही एकाच माणसाची आहे. पण शेअर मार्केट पडलं म्हणून नापास आणि चढलं म्हणून पास हेही करू नका, जूनच्या शेवटी तेच मार्केट विक्रमी उंचीवर होतं. टॅरिफचा खरा हिशोब कंपन्यांनी कारखाने कुठे टाकले, माल कितीला पडला, यावर कळणार आणि त्याला वर्षं लागतात.

प्रिन्स्टनच्या ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम यासाठी फार महत्त्वाचं आहे. ट्रुमनपासून ओबामांच्या पहिल्या टर्मपर्यंत बघितलं तर डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांच्या काळात वाढ वर्षाला सरासरी ४.३ टक्के आणि रिपब्लिकनांच्या काळात २.५ टक्के, एवढा मोठा फरक. कुठल्याही पेपरला हेडलाइनच मिळाली. पण त्यांनी पुढे कारणं शोधली तर बराचसा फरक तेलाचे धक्के, उत्पादकतेची वाढ, बाहेरच्या जगाची परिस्थिती यातून आलेला निघाला, सरकारी धोरणातून नाही, आणि थोडा भाग कशाने ते कळलंच नाही. ब्लाइंडर स्वतः डेमोक्रॅट क्लिंटन यांचे सल्लागार होते, त्यांना हे श्रेय आपल्या बाजूला घ्यायला काय हरकत होती, पण घेतलं नाही. मला याचं फार कौतुक आहे.

सर्व्हेंचंही तसंच आहे. मिशिगन युनिव्हर्सिटीचा ग्राहकांच्या मताचा सर्व्हे बघा, राष्ट्राध्यक्षाचा पक्ष बदलला की काही आठवड्यांत एका पक्षाच्या लोकांना इकॉनॉमी छान वाटायला लागते आणि दुसऱ्यांना वाईट, पगार तोच, घर तेच. २०१६ नंतर झालं, २०२० नंतर उलट झालं. त्यामुळे लोकांना काय वाटतं हा आकडा छापताना पक्षानुसार वेगळा करून छापा, नाहीतर तो इकॉनॉमीबद्दल फार कमी सांगतो.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते ती. राष्ट्राध्यक्ष इकॉनॉमीचं सगळ्यात मोठं नुकसान करू शकतो ते तक्त्यात येतच नाही, ते म्हणजे आकडे मोजणाऱ्या आणि व्याजदर ठरवणाऱ्या संस्थांवर दबाव आणणं. रिचर्ड निक्सन यांनी १९७१-७२ मध्ये फेडचे चेअरमन आर्थर बर्न्स यांच्यावर पैसा सैल ठेवायला दबाव आणला हे व्हाइट हाऊसच्या टेप्समध्ये रेकॉर्ड झालेलं आहे. १५ ऑगस्ट १९७१ ला त्यांनी डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, पगार आणि किमती ९० दिवस गोठवल्या, दुसऱ्या दिवशी शेअर मार्केट उसळलं, लोक खूश झाले आणि १९७२ ला निक्सन ४९ राज्यं जिंकले. १९७२ च्या निवडणुकीचा तक्ता काढला तर निक्सन टॉपर! मग किमतींवरचं झाकण निघालं, १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि १९७४ च्या शेवटी महागाई १२ टक्क्यांच्या वर. ती मोडायला व्होल्करना १९८२ पर्यंत लाखो लोकांच्या नोकऱ्या घालवाव्या लागल्या. त्या सगळ्याचं बिल निक्सन यांच्या नावावर किती फाडलं गेलं?

आणि हे जुनं झालं म्हणून सोडून द्यायचं नाही. ट्रम्प यांनी फेडचे चेअरमन म्हणून स्वतःच नेमलेल्या जेरोम पॉवेल यांच्यावर व्याजदर कमी करत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं जाहीर टीका केली आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये फेडच्या गव्हर्नर लिसा कुक यांना काढत असल्याचं जाहीर केलं, प्रकरण कोर्टात गेलं. त्याच महिन्याच्या १ तारखेला नोकऱ्यांचा आकडा कमजोर आला आणि मे-जूनचे आधीचे आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी खाली सुधारले गेले, तर त्याच दिवशी कामगार आकडेवारी ब्यूरोच्या प्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांना काढून टाकलं. आकडे सुधारले जाणं हे त्या कामाचा भागच आहे, कंपन्यांची उत्तरं उशिरा येतात, पहिल्या अंदाजात सगळ्यांची आलेली नसतात, वर २००८ चं सांगितलंच. मोजणाऱ्याला जर भीती बसली की वाईट आकडा दिला तर नोकरी जाईल तर पुढचा चांगला आकडा खरा आहे हे कुणी कशावरून मानायचं, आणि त्या आकड्यांवर फक्त पेपरचे तक्ते चालत नाहीत, पेन्शनची वाढ, पगाराचे करार, अब्जावधी डॉलरचे कर्जरोखे चालतात. आपल्याकडच्या बऱ्याच बातम्यांत तेव्हा हे भांडण म्हणून आलं, कोण कुणाला काय म्हणालं. माझ्या मते त्या वर्षात राष्ट्राध्यक्षाने इकॉनॉमीवर केलेल्या कामांत हे टॅरिफच्या बरोबरीचं होतं आणि जीडीपीच्या रकान्यात त्याला जागा नाही.

म्हणून विनंती, पुढच्या वेळी तक्ता काढाल तेव्हा थोडे रकाने वाढवा. खुर्चीत बसला त्या महिन्यात आकडे काय होते आणि कुठल्या दिशेने चालले होते ते एका रकान्यात द्या. त्याने स्वतः सही केलेले मोठे निर्णय तारखेसकट द्या, पहिल्या वर्षाचं बजेट कुणाचं होतं तेही लिहा. त्याच काळात युरोप, ब्रिटन, जपानमध्ये काय झालं ते शेजारी द्या, म्हणजे जगाचं किती आणि त्याचं किती हे वाचकाला आपोआप दिसेल. फेड आणि आकडेवारी ब्यूरोशी तो कसा वागला याला वेगळी ओळ द्या. आणि महिन्याचा नोकऱ्यांचा आकडा पहिल्या पानावर छापता तसा दोन महिन्यांनी सुधारलेला आकडाही त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात छापा, सध्या तो कुठेतरी आतल्या पानावर असतो नाहीतर नसतोच.

आपला,
एक नियमित वाचक